वाचकांचे प्रश्न : विक्रीतील ईर्षा कोणाशी लावायची?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विक्रीच्या कामातील स्पर्धेविषयी आहेत. बक्षीस लावावे का, क्रमवारी सर्वांसमोर मांडावी का, एका शाखेला दुसरीशी झुंजवावे का, असे प्रश्न कोल्हापूर आणि परिसरातील दुकानदारांनी, शोरूममधील नोकरदारांनी आणि वितरकांनी विचारले आहेत. त्यांतील चार पत्रे येथे संक्षेपाने देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : महाद्वार रोड परिसरात आमचे साड्या आणि कापडाचे जुने दुकान आहे. काउंटरवर चौदा जण काम करतात. यंदाच्या लग्नसराईपासून मी प्रत्येकाच्या विक्रीवर स्वतंत्र कमिशन सुरू केले आणि महिन्यात सर्वाधिक विक्री करणाऱ्यास सोन्याचे नाणे जाहीर केले. सुरुवातीला विक्री वाढली. नंतर मात्र गिऱ्हाईक दारात दिसताच दोघे-तिघे एकदम धावू लागले, बिलावर कोणाचे नाव घालायचे यावरून गल्ल्यासमोर वाद होऊ लागले, आणि नाणे दोन्ही महिन्यांत एकाच मुलाला मिळाले. धाकटे बंधू म्हणतात की हे सगळे बंद करून पगार थोडा वाढवावा. मला मात्र वाटते की ईर्षेशिवाय माणूस धावत नाही. आपले मत काय?
एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : स्पर्धा पूर्णपणे बंद करावी या आपल्या बंधूंच्या मताशी मी सहमत नाही. परंतु आपण लावलेली स्पर्धा ज्यांनी दिवसभर एकमेकांना हात द्यायचा अशाच माणसांमध्ये लागली आहे, आणि गल्ल्यासमोरच्या वादांचे मूळ तेथे आहे.

ईर्षेने माणसाचा वेग वाढतो, हे मानसशास्त्राने फार पूर्वी तपासले आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकाला सायकल शर्यतींच्या नोंदी पाहताना असे दिसले की, एकट्याने वेळेशी झगडणाऱ्या स्वारापेक्षा सोबत प्रतिस्पर्धी असलेला स्वार अधिक वेगाने जातो. मग त्याने मुलांना मासेमारीचे रीळ फिरवायला लावून तोच प्रश्न प्रयोगाने पाहिला आणि १८९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रयोगाचा दाखला देणारे बहुतेक जण त्याचा अर्धाच भाग सांगतात. ४० मुलांपैकी २० जणांचा वेग सोबत्यामुळे वाढला, १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही, आणि उरलेले १० जण ताणामुळे उलट मंदावले. आपल्या काउंटरवर हेच प्रमाण असेल असे नाही, पण या तिन्ही स्वभावांची माणसे तेथे आहेत हे गृहीत धरावे. त्यातच नाणे एक आणि घेणारा ठरलेला, म्हणजे तिसऱ्या महिन्यात बाकी तेरा जणांच्या दृष्टीने स्पर्धा उरतच नाही. लिम, अहर्न आणि हॅम या संशोधकांनी २००९ मध्ये विक्री-स्पर्धांच्या बक्षिसांवर केलेल्या अभ्यासातही हेच आढळले की, एकच विजेता ठेवण्यापेक्षा विजेत्यांची संख्या वाढवली तर विक्रेते एकूण अधिक प्रयत्न करतात.

बक्षीस मात्र दुय्यम बाब आहे. आपल्या धंद्यात खरा प्रश्न बस्त्याचा आहे. राधानगरी-गारगोटीकडचे लग्नाचे कुटुंब बस्त्याला येते तेव्हा दहा-पंधरा माणसे एकदम गादीवर बसतात. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, आजीचे नऊवारी, आहेराचा गठ्ठा, पुरुष मंडळींचे फेटे आणि टॉवेल-टोपी, असा तीन-चार तासांचा कार्यक्रम असतो. एक जण साड्या उलगडून दाखवतो, दुसरा घड्या घालतो, तिसरा माळ्यावरून नवे गठ्ठे काढतो, चौथी ताई रुसलेल्या मावशीच्या मनाचा रंग शोधून आणते. घडी घालणाऱ्याच्या नावावर बिल होत नाही. प्रत्येकाचे कमिशन वेगळे केल्यावर तो घडी का घालील? पूर्वी जी मदत दुकानाची रीत म्हणून होत होती, तिची किंमत आपण आपल्याच हातांनी शून्य करून टाकली, आणि माणसांनी तो हिशेब अचूक ओळखला.

चॅन, ली आणि पिअर्स या तिघांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्या दुकानाला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. चीनमधील एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या निरनिराळ्या ब्रँडचे काउंटर शेजारी शेजारी होते. काही काउंटरवर प्रत्येक विक्रेतीला तिच्या वैयक्तिक विक्रीवर कमिशन मिळत असे, तर काहींवर संपूर्ण काउंटरच्या विक्रीवर मिळालेले कमिशन सर्वजणी वाटून घेत. वैयक्तिक कमिशन असलेल्या काउंटरवर तरबेज विक्रेती ही शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्याच सहकारिणींचे गिऱ्हाईक ओढत असे. सामूहिक कमिशन असलेल्या काउंटरवर मात्र तीच तरबेज विक्रेती सहकारिणींना सांभाळून घेत असे आणि तिची चढाओढ समोरच्या ब्रँडच्या काउंटरशी चाले. ईर्षा दोन्हीकडे तेवढीच होती, फक्त तिचे तोंड दुसरीकडे वळलेले होते.

आता आपली पुढची शंका मी ओळखू शकतो : सामूहिक कमिशन केले की कामचुकारांचे फावणार. ही भीती खोटी नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजणी केली होती, आणि ती १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोराला हात लावणारे जसजसे वाढत गेले, तसतसे दरडोई ओढण्याचे बळ कमी होत गेले. त्यावरून निघणारा धडा संघच नको असा नसून संघ लहान हवा असा आहे. चौदा जणांचा एकच गट केला तर कोण राबले आणि कोण चहाला गेले हे कोणालाच नीट दिसणार नाही. चार-पाच जणांच्या गटात ते दुपारपर्यंत सर्वांना कळते आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी बोलूनही दाखवते. जर्मनीतील एका बेकरी साखळीच्या १९३ दुकानांमध्ये फ्रीबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या दुकानांना संपूर्ण दुकानाने मिळून कमवायचा बोनस देण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या दुकानांची विक्री सुमारे ३ टक्क्यांनी वाढली, आणि बोनसवर झालेला खर्च वजा जाता मालकाला फायदाच राहिला. तेथे एका दुकानात सरासरी सात माणसे होती. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण भांडणाविना आणि सूट वाढवल्याविना आलेले तीन टक्के कोणत्या व्यापाऱ्याला नको असतात?

नाणे जिंकणारा मुलगा दुखावून दुसऱ्या दुकानात जाईल का, हाही विचार आपल्या मनात असणार. कॅलिफोर्नियातील नापा येथील एका तयार कपड्यांच्या कारखान्यात कामगारांना एकट्याच्या उक्त्या दराऐवजी गटाच्या दरावर येण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा सर्वांत आधी गटात आले ते अधिक कुशल कामगार, आणि त्यांतील काहींची कमाई त्यामुळे घटूनही ते गटात राहिले. एकूण उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तरबेज माणसाला पैशाइतकाच मानही हवा असतो, आणि गटात तो सहज मिळतो. त्या मुलाकडे एका गटाची जबाबदारी द्यावी, नवख्यांना बस्ता कसा हाताळायचा हे शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यावा, आणि तो देताना इतरांसमोर द्यावा.

माझी सूचना अशी की, चौदा जणांचे तीन गट करावेत, प्रत्येक गटात एक जुना माणूस असावा, आणि बस्त्याचे प्रत्येक बिल गटाच्या नावे पडावे. किरकोळ गिऱ्हाइकावर वैयक्तिक कमिशन ठेवायचे असेल तर ते लहान ठेवावे. तिन्ही गटांनी एकमेकांशी लढण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या मागील हंगामाशी लढावे, म्हणजे तिघेही जिंकू शकतात. मात्र ही तुलना इंग्रजी महिन्यांनी करू नये. ज्या वर्षी अधिक महिना येतो, उदाहरणार्थ २०२६ मधील अधिक ज्येष्ठ, त्या वर्षी मे-जूनमध्ये मुहूर्तच थोडे असतात आणि चांगला गटही विनाकारण हरलेला दिसतो. मुहूर्त मोजून तुलना करावी. हे आपल्या मुनीमजींना मला सांगण्याची गरज नाही, पण संगणकावरचा तक्ता ते ऐकत नाही.

प्रश्न : मी एका दुचाकी शोरूममध्ये फील्डवर काम करते. माझ्याकडे गगनबावडा आणि शाहूवाडी तालुक्यांतील गावे आहेत. आमचे साहेब रोज रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांची बुकिंग-क्रमवारी टाकतात आणि शेवटच्या तिघांची नावे लाल रंगात असतात. पावसाळ्यापासून माझे नाव लालच आहे. पूर्वी मी आवडीने काम करायचे. आता रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. मी खरोखरच कमी पडते आहे का? आणि साहेबांशी या विषयावर कसे बोलावे?
एक विक्री प्रतिनिधी, कोल्हापूर

उत्तर : आपण कमी पडता आहात की नाही हे त्या यादीवरून ठरत नाही, कारण ती यादी माणसांबरोबर मुलूखही मोजते. गगनबावडा हा जिल्ह्यातील सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक आहे. जून ते सप्टेंबर तेथे नवी गाडी घ्यायला कोण उठतो? जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात गाळप सुरू होऊन बिले खात्यावर जमा झाली की गाड्यांची बुकिंग वाढतात, आणि दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताची डिलिव्हरी तर शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात आपोआप पडते. चालत आलेले गिऱ्हाईक घेणारा सहकारी आणि घाट उतरून वाडीवर जाणाऱ्या आपण, यांची नावे एका ओळीत लिहिणे हीच मुळात कच्ची मोजणी आहे.

यादी जाहीर करण्याने काय होते, यावर चांगले संशोधन उपलब्ध आहे. बांदिएरा, बरांके आणि रसूल या अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील फळे तोडणाऱ्या मजुरांच्या गटांवर प्रयोग केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गटांची केवळ क्रमवारी जाहीर केली तेव्हा सरासरी उत्पादकता १४ टक्क्यांनी घसरली. क्रमवारीसोबत रोख बक्षीस ठेवले तेव्हा ती २४ टक्क्यांनी वाढली. पण कोणाची घसरली आणि कोणाची वाढली हे पाहिले म्हणजे आपल्या पोटातील गोळ्याचा उलगडा होतो : घसरण तळाच्या गटांत झाली आणि वाढ अव्वल गटांत. इवान बरांके यांनी पुढे फर्निचर विकणाऱ्या पूर्णवेळ विक्रेत्यांवर तीन वर्षे प्रयोग केला, तेव्हा क्रमांक सांगणे बंद केल्यावर विक्री ११ टक्क्यांनी वाढली. लाल रंग लावणाऱ्या साहेबांना वाटते की तळाची माणसे चिडून उठतील. प्रत्यक्षात तळाची माणसे मान खाली घालतात, आणि वरच्यांना त्या रंगाचा काहीच उपयोग नसतो.

अर्थात मागे असणे नेहमीच घातक नसते. किती मागे, यावर ते अवलंबून असते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या १८,००० हून अधिक सामन्यांचा अभ्यास बर्गर आणि पोप यांनी २०११ मध्ये मांडला. मध्यंतराला एका गुणाने मागे असलेले संघ एका गुणाने पुढे असलेल्या संघांपेक्षा अधिक वेळा जिंकले होते. हाताच्या अंतरावरचा माणूस दिसला की पाय उचलतात. बाराव्या क्रमांकावरच्या माणसाला पहिला क्रमांक दाखवून काही साधत नाही, त्याला अकरावा दाखवावा.

साहेबांशी बोलताना यादी बंद करा असे म्हणू नये, कारण ती त्यांना वरच्या कार्यालयाला दाखवायची असते आणि आपले म्हणणे तक्रार ठरेल. त्याऐवजी एक तक्ता स्वतः तयार करून न्यावा : आपल्याकडे आलेल्या चौकशा, त्यांतील टेस्ट राइड, त्यांतील बुकिंग आणि प्रत्यक्ष डिलिव्हरी. हेच आकडे मागील वर्षीच्या त्याच महिन्यांचेही असावेत. शंभर चौकशांमागे आपली बुकिंग सहकाऱ्यांइतकी असतील तर प्रश्न मुलुखाचा आहे, आणि आपण साहेबांना चौकशा वाढवण्यासाठी गावच्या बाजाराच्या दिवशी डेमो गाडी मागावी. तेवढी नसतील तर मात्र प्रश्न कौशल्याचा आहे, आणि तसे मान्य करण्यात कमीपणा नाही. अशा वेळी आपल्यापेक्षा थोड्या पुढे असलेल्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर जोडी मागावी. यादीतील पहिल्या माणसाबरोबर मागू नये. ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनमधील नौकानयनपटूंकडून वजन उचलण्याचा व्यायाम जोडीने करून घेतला होता. जोडीतील दुबळा थांबला की दोघांचे काम थांबत असे, आणि अशा जोडीत दुबळा खेळाडू एकट्याने जेवढे टिकला असता त्यापेक्षा अधिक टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असतानाच हे सर्वांत ठळकपणे दिसले.

रात्रीच्या ग्रुपविषयी एक व्यवहारी विनंती आपण करू शकता, ती म्हणजे यादी सकाळी टाकावी. सकाळी वाचलेल्या आकड्यावर दिवसभरात काही करता येते. रात्री वाचलेल्या आकड्याचे फक्त जागरण होते.

प्रश्न : आमच्या मालकांची इलेक्ट्रॉनिक्सची दोन दुकाने आहेत, एक राजारामपुरीत आणि एक इचलकरंजीत. मी त्यांपैकी एका शाखेचा व्यवस्थापक आहे. दोन्ही शाखांना वेगळी नावे, वेगळ्या रंगाचे टी-शर्ट आणि एक फिरता चषक देण्यात आला. मुले खूश झाली, विक्रीही चांगली झाली. पण आता परिस्थिती अशी आहे की, एका शाखेत संपलेला फ्रीज दुसऱ्या शाखेत शिल्लक असूनही 'नाही' म्हणून सांगितले जाते आणि गिऱ्हाईक तिसऱ्याच दुकानात जाते. रंगाच्या टी-शर्टने एवढे कसे बिघडले?
एक शाखा व्यवस्थापक

उत्तर : टी-शर्टची ताकद आपण कमी लेखता आहात. हेन्री ताज्फेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेल्या, १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मुलांचे गट अगदी क्षुल्लक आधारावर पाडले होते. ठिपक्यांच्या अंदाजावरून, किंवा क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाचे चित्र आवडले यावरून. गटातील सोबती कोण हेही मुलांना माहीत नव्हते. तरीही गुण वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी अंतर मोठे राहावे, अशी निवडही अनेकांनी केली. आपल्या शाखेतील मुलाने फ्रीज नाही असे सांगितले तेव्हा त्याने हेच केले. मालकाचे नुकसान झाले, कदाचित त्याचे स्वतःचेही, पण चषकाचे अंतर राखले गेले.

कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगावे असे नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी किंवा खंडोबा या तालीम-मंडळांच्या फुटबॉल संघांचे सामने असतात तेव्हा पेठांत ज्या चर्चा रंगतात, त्यांत खेळापेक्षा तालमीचा अभिमान मोठा असतो, आणि त्याच अभिमानावर या शहराचा फुटबॉल इतकी वर्षे टिकून आहे. परंतु जिल्ह्याचा संघ बाहेरगावी खेळायला निघतो तेव्हा निरनिराळ्या तालमींची मुले एकाच जर्सीत उतरतात आणि तेथे एकमेकांना पास देतात. आपल्या दोन शाखांकडे तालमीचा अभिमान आहे, पण जिल्ह्याची जर्सी नाही.

ती जर्सी भाषणांनी मिळत नाही. मुझफ्फर शेरिफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २२ मुलांचे उन्हाळी शिबिर भरवून दोन गट पाडले आणि त्यांच्यात सामने लावले. काही दिवसांतच झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर छापे घालण्यापर्यंत मजल गेली. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले तर त्यांनी अन्न एकमेकांवर फेकले. वैर कमी झाले ते पाणीपुरवठा बंद पडल्यावर, आणि जेवण आणणारा ट्रक सुरू होईना तेव्हा तो सर्वांनी मिळून ओढल्यावर. ज्या दोराने ते पूर्वी रस्सीखेच खेळले होते, तोच दोर त्यांनी ट्रकला बांधला होता.

म्हणून मालकांना सुचवावे की चषक आणि टी-शर्ट खुशाल राहू द्यावेत, पण एका शाखेने दुसरीला माल पाठवून झालेली विक्री दोन्ही शाखांच्या खात्यात अर्धी अर्धी धरावी, आणि दिवाळीचा मोठा बोनस दोन्ही दुकानांच्या एकत्रित विक्रीवर ठेवावा. मोबाइलवर किंमत दाखवून भाव पाडणारे ऑनलाइन गिऱ्हाईक दोन्ही शाखांना सारखेच छळते. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून, अशा गिऱ्हाइकाला जोडणी, दुरुस्ती आणि हप्त्यांच्या सोयीवर कसे थांबवायचे, एवढ्याच विषयावर बोलू द्यावे.

प्रश्न : मी किराणा मालाच्या एका वितरकाकडे सेल्स ऑफिसर आहे. माझ्या हाताखालच्या चार मुलांचा गट सलग दोन तिमाहींत सर्वोत्तम ठरला. आता लक्षात आले की महिनाअखेरीस ही मुले दुकानदारांना गळ घालून नको असलेला माल बिलावर टाकत होती आणि पुढच्या महिन्यात तो परत येत होता. चौघांनाही हे ठाऊक होते, पण एकानेही मला सांगितले नाही. एवढी एकजूट असलेल्या गटाला शिक्षा करू की सांभाळून घेऊ?
एक सेल्स ऑफिसर, लक्ष्मीपुरी

उत्तर : त्यांची एकजूट हीच त्यांच्या गप्प राहण्याचे कारण आहे. गटाचा अभिमान वाढला की गटाचे दोष झाकणे हेही निष्ठेचे काम वाटू लागते, आणि टार्गेट जितके अटळ तितकी ही झाकाझाक पक्की. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत खाती उघडण्याच्या टार्गेटपायी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये हे उघड झाले तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे समोर आले. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे एकाच वेळी स्वभावाने लबाड निघत नाहीत. मोजमापच तसे असते.

महिनाअखेरची घाई तर जगभर सारखी आहे. इयान लार्किन यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रीचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवले की, विक्रेते आपले कमिशन वाढावे म्हणून सौदे तिमाहीच्या काठावर नेऊन बसवत आणि त्यासाठी जास्त सूट देत, आणि कंपनीला ते उत्पन्नाच्या ६ ते ८ टक्के इतके महाग पडत होते. तुमच्या मुलांकडे सूट देण्याचा अधिकार नसावा, म्हणून त्यांनी ओळखीच्या दुकानदाराची भीड वापरली. दुकानदाराचा गाळा दहा बाय बाराचा, त्यात तुमच्या साबणाची खोकी, आणि पुढच्या महिन्यात परतीचे भाडे तुमचे.

शिक्षा चौघांना एकत्र करू नये, त्याने ते आणखी घट्ट होतील आणि आणखी गप्प होतील. परत आलेला माल मागील तिमाहीच्या आकड्यातून वजा करून नवा आकडा त्यांच्यासमोर ठेवावा, आणि मिळालेला इन्सेंटिव्ह परत मागण्याऐवजी पुढील दोन तिमाहींत समायोजित करावा. वसुली झालेलेच बिल यापुढे विक्री म्हणून धरावे. बीटवरच्या, म्हणजे प्रत्येक मुलाला नेमून दिलेल्या फेरीतल्या, काही दुकानांत महिन्याच्या पाच-सहा तारखेला आपण स्वतः जाऊन फळीवर किती माल शिल्लक आहे ते पाहावे, आणि त्या वेळी त्या बीटच्या मुलाला सोबत न्यावे. दुकानदार त्याच्यासमोर काय बोलतो आणि काय बोलत नाही, यावरून पुढच्या महिन्याचे टार्गेट किती ठेवायचे ते आपल्याला कळेल, आणि ते टार्गेट वरच्या कार्यालयाकडून कमी करून घेण्याचे काम आपले आहे, त्या मुलांचे नाही.